भट्टीचा सुट्टीवार

माग थांबले की अक्कलकोट रोडला
कान दुखतात.
मी कुलूप काढते. मेन स्विच बंद आहे ना,
दोनदा बघते.
राजेशममामांनी एकदाच बघितलं होतं,
त्यांच्या भुवया पुन्हा पूर्ण आल्या नाहीत.

भट्टीच्या अंगाजवळ हात पालथा न्यायचा,
पालथ्या हाताला ऊब आधी कळते.
आयटीआयच्या पुस्तकात हे नव्हतं.
आज कोमट. चालेल.

टाकीच्या बुडाचा कॉक आधी.
आठवडाभरात पाणी खाली बसतं,
बादलीत तेच पहिलं येतं, चहाच्या रंगाचं,
मग गाळ,
मग काळं, जाड, आवाज न करता.
तिथे थांबायचं.
बादली मोरीत ओतायची नाही. पिंपात.
पिंपावर तारीख.

हे तेल एकदा राबून आलेलं आहे.
हैदराबाद रोडच्या गॅरेजांतून,
उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढलेल्या ट्रॅक्टरांतून,
तुळजापूरच्या घाटात धापा टाकलेल्या जीपांतून.
रिकाम्या हाताने ते येत नाही.
जाळीत सापडतो अर्धा वॉशर, पितळेचा कीस,
एकदा एक मणी. लाल.
इंजिनात मणी कसा गेला
याचा मी अजून विचार करते.

मग नॉझल.
अंगठ्याच्या पेराएवढं, भोक इतकं बारीक
की उजेडाकडे धरलं तरच आहे म्हणायचं.
त्यात पोलादाची सुई घालायची नाही,
एक ओरखडा आणि ज्योत वाकडी होते,
वाकडी ज्योत विटा खाते.
मामा दात कोरायची काडी वापरायचे.
एकदा ती आतच मोडली, दोन तास गेले.
"काय बे," म्हणाले मामा,
भट्टीला. मला नाही.

त्या रात्री घरी मी अम्माला सांगितलं, भोक केवढं.
तिने मान वर केली नाही,
हजारातल्या तीनशे विड्या बाकी होत्या.
पानांच्या कचऱ्यातून एक शीर उचलली,
बोटांत फिरवली, पुढे केली.
"चूडू," म्हणाली. बघ.
वाळलेली, ताठ, टोकाला केसाएवढी.
आत जाते, वाकते, मोडत नाही, ओरखडत नाही.

आता माझ्या पान्यांच्या डब्यात
शिरांची एक जुडी असते, विडीच्याच दोऱ्याने बांधलेली.
पंचवीस. अम्मा मोजल्याशिवाय
काही देऊ शकत नाही.

राहिली राख. तोंडाला इथलाच रिजेक्ट नॅपकिन,
रंग उडालेला, ओला करून.
धुराड्यात ब्रश घातला की पांढरट खवले पडतात.
तेल जळून जातं, झिजलेलं लोखंड राहतं.
सबंध तालुक्याची इंजिनं
मी अशी सुपलीत भरते.

मग सगळं परत बसवून चाचणी. आधी नुसता पंखा,
आतली कोंडलेली वाफ जाऊ दे.
मनात तीस आकडे. ठिणगी.
काचेतून बघते. सरळ आहे.

नव्या सुपरवायझरने छापील तक्ता आणलाय,
त्यात रकाना, साफसफाईचं साधन.
दोन वर्षं मी लिहीत होते 'पितळी तार'.
आज लिहिलं,
तेंदूच्या पानाची शीर, एक नग.
सही, श्रीलता चिलवेरी.
उद्या मल्लिनाथ पहिल्या पाळीला येईल,
वाचेल, हसेल, मग डबा उघडून
हळूच एक उचलेल. माहीत आहे मला.

घरी नळाखाली हात.
माझ्या नखांत काळं, अम्माच्या बोटांत तंबाखू,
दोन्ही साबणाला जुमानत नाही.
भाकऱ्या कोणी थापायच्या यावर
रोज वाद.
सध्या नाना थापतात,
म्हणून जाड.